पुसण्याआधी खिसे तपासा

११ फेब्रुवारी

नाही हो वन्सं, लग्न-बिग्न काही करत नाहीये मी. ज्याने कोणी तुम्हाला कळवलं की तुमची भावजय दर शनिवारी केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून एका दाढीवाल्याकडे जाते, त्याने अर्धवट कळवलं. दाढीवाला आहे, हे खरं. केस विंचरते, हेही खरं. पण तिथे आणखी बरीच माणसं असतात आणि सगळ्यांची तोंडं कॉम्प्युटरकडे. माझ्याकडे वळून बघायला एकालाही सवड नाही, याचंच मला जरा वाईट वाटतं.

नमस्कार करायचा राहिलाच. वाकून केला असं समजा. पाया पडायला खाली गेले तर वर यायला तुम्हालाच हात द्यावा लागेल, आणि तुमचे गुडघे माझ्याहून थकलेले. मी बरी आहे. धुलाईच्या दुकानात काउंटरवर अजून तीच मी आणि तीच खुर्ची. खुर्चीचा एक हात तुटलाय, माझे दोन्ही शाबूत आहेत. फोन करत नाही म्हणून रागावता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही. मी विचारते "जेवलात का?" आणि तुम्ही सांगता "हो, मंगळवारी परत येणार आहे." कोण येणार आहे ते मला अजून कळलेलं नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

तर आता दाढीवाल्याचं ऐका.

तुमच्या भावाचा कॉम्प्युटर हे गेल्यापासून मी चादर घालून ठेवला होता. मध्ये एकदा लावला, तर नुसता घरघर करत बसला, उघडायचं नाव नाही. दुकानात नेला. तिथला बघून म्हणाला, "आजी, हे भंगार झालंय." मी म्हटलं, "बोट नीट दाखव बाबा, कॉम्प्युटरकडे आहे का माझ्याकडे?" हसला. पण नवीन घ्या म्हणून रंगीत कागद हातात कोंबलेच.

परत येताना वाचनालयाच्या दारावर चिठ्ठी दिसली, जुना कॉम्प्युटर फेकू नका, शनिवारी घेऊन या. मागच्या बाजूला, मोडक्या खुर्च्या ठेवतात त्या खोलीत, ही मंडळी जमतात. तुम्हाला समजेल असं सांगते. कॉम्प्युटर चालू केला की आत आधी एक कारभारी उठतो. तो पडदा उघडतो, आपण दाबलेली बटणं ऐकतो, कुठली वस्तू कुठल्या फडताळात आहे ते लक्षात ठेवतो. त्याला म्हणतात ऑपरेटिंग सिस्टीम. तुमच्या भावाच्या मशीनमधला कारभारी एका कंपनीचा होता, तो म्हातारा झाला आणि कंपनीने त्याच्याकडे बघणं सोडलं. ही मंडळी त्याच्या जागी दुसरा बसवून देतात. हा दुसरा कोणाच्याच मालकीचा नाही. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून त्याला घडवतात, फुकट वाटतात, आणि आतून तो कसा शिवलाय हे कोणीही उसवून बघावं.

दाढीवाला दिवसभर लोकांचे नकली दात बनवतो. म्हणून मी त्याला दातवाला म्हणते. पहिल्या दिवशी त्याने कॉम्प्युटरच्या आधी माझ्या तोंडातच बघितलं. म्हणाला, "पुढची फट बुजवून देतो, बाई. हसताना बरं दिसेल." मी म्हटलं, "माझं तोंड सोडा, मशीन बघा. फट मला हवी आहे."

मग मी माझी शंका काढली. "मालकच नाही, तर बिघडल्यावर गळा कोणाचा धरायचा?"

"कोणाचा नाही. बिघडलं ते सांगायचं. जमलं तर आपणच दुरुस्त करून द्यायचं."

"आणि माझ्यासारखीने काय करायचं? गावच्या शाळेत सातवी झालेय मी."

"वापरायचं. जिथे तुम्ही अडाल, तिथे प्रत्येक नवीन माणूस अडतो. आम्हाला आता अडताच येत नाही, वाट पाठ झालीय."

वन्सं, अडण्यासाठी कोणी आग्रहाने बोलावल्याचं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

त्याने कॉम्प्युटरला खोचायची एक चपटी काडी दिली, त्यात नवा कारभारी. म्हणाला, शनिवारी मशीन आणा, मिळून बसवू. पण मला कुठला धीर. सुट्टीच्या दुपारी घरीच बसले. ह्यांनी त्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क घातल्या होत्या, एकसारख्या, जुळ्या. एकीवर जुना कारभारी, दुसरीवर ह्यांचं सामान. नवा कारभारी विचारतो कुठे बसू, आणि पडद्यावर दोन ओळी, दोन्ही सारख्या, खाली "हो" आणि "नाही". कुठली कोणती, काही पत्ता नाही. मी थांबले. "नाही"वर गेले, मागे आले, चहा केला. चहा पिऊन पुन्हा बसले आणि बसवला एकदाचा.

आता घरघर बंद. मशीन मांजरीसारखं गप्प बसतं.

अडले तिथलं सांगायचं असतं, म्हणून मी तो कारभारी घडवणाऱ्यांना लिहून सांगितलं. इंग्रजीत हो! दातवाल्याला शब्द विचारून विचारून. आणि कसं लिहिलं? जसं मला येतं तसं. आपण सर्व कुशल असाल, घरच्यांच्या तब्येती कशा आहेत, इकडे थंडी ओसरली. मग डिस्कचं. आणि शेवटी थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. दातवाला टेबलावर डोकं ठेवून हसला, पण "पाठवा" म्हणाला.

या बसवण्याच्या भागाची देखभाल जे माणूस करतं, त्याच्या नावाजागी घुबडाचं चित्र आहे. बाई की बुवा, कोणालाच ठाऊक नाही. घुबडाचं दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. इकडे सगळे बरे आहेत, आईचा हात मोडला होता तो जुळला, विचारल्याबद्दल आभार. आता मला तीन गोष्टी सांगा. तुम्ही काय केलंत? काय होईल असं तुम्हाला वाटलं होतं? आणि प्रत्यक्षात काय झालं?

तिथली रीतच ती आहे. कोणी काहीही सांगायला आलं की आधी हे तीन प्रश्न. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तुम्ही आपल्या "काय गं केलंस हे!" एवढंच विचारता, आणि उत्तराला थांबत नाही.

हे आजारपणात रोज सकाळी माइकसमोर बसून जे बोलून ठेवायचे, ते तुम्ही मागितलंय. वाचलं मी. मशीन अजून कामात आहे.

तुमची आगाऊ
(नाव तुम्हीच ठेवलंत, आता बदलून मिळणार नाही)


२ एप्रिल

वन्सं,

पत्र मिळालं. अक्षर इतकं टोचून काढलंय की दोन ठिकाणी कागदाला भोक पडलंय. शाळेत पोरींच्या वह्यांवर असंच लिहीत होतात का? बिचाऱ्या.

तुम्ही कानाचं यंत्र घेतलंत! काउंटरवर बसून मी ती ओळ दोनदा वाचली. म्हातारपणाची जाहिरात कानात घालून कोण फिरेल, असं कोण म्हणायचं? आणि घेतलंत ते कशासाठी, तर भावाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. आता मला टाळाटाळ करता येत नाही.

आवाज गेला, वन्सं. पुसला गेला.

नवा कारभारी बसवताना जिच्यावर बसवला, तीच ह्यांच्या आवाजाची डिस्क. दोघी जुळ्या, सांगितलं ना. त्यातून तो शेवटी विचारतो, "पुढे जायचं का?" काय पुसणार आहे ते बोलत नाही, नुसतं पुढे जायचं का. खाली दोन चौकटी, हो आणि नाही. आणि बोट, म्हणजे निवडीची ती खूण, आधीपासून "हो"वर टेकवून ठेवलेलं. नुसतं एंटर दाबलं की धुऊन मोकळा. घोटभर चहा घ्यायला लागतो त्याहून कमी वेळ.

मला काय बोलायचं ते बोला. पत्रात बोला, फोन करू नका. यंत्र आलं म्हणून लगेच फोन कशाला, त्याला आधी कानाची सवय होऊ दे.

पण या रडगाण्याच्या पोटी काय झालं तेही सांगते, नाहीतर हे पत्र नुसतं सुतकी होईल, आणि सुतकी पत्र मला लिहिता येत नाही.

आमच्या दुकानातला पहिला नियम तुम्हाला माहीत आहे. खिसे तपासल्याशिवाय कपडा मशीनमध्ये टाकायचा नाही. गिऱ्हाइकासमोर खिशात हात घालायचा, निघेल ते काउंटरवर ठेवायचं. किल्ल्या, चिठ्ठ्या, एकदा एका वकिलाच्या कोटातून कवळी निघाली होती. मी घुबडाला लिहिलं, तुम्ही लोक खिसे न तपासता धुता. पुसण्याआधी आत काय आहे ते माणसाला दाखवा.

घुबड म्हणालं, बरोबर आहे, करायलाच हवं. आणि केलं! आता डिस्कच्या नावापुढे आतल्या सामानाची नावं दिसतात. पण नुसतं करून उपयोग नाही, कोणीतरी चालवून बघावं लागतं, आणि जुळ्या डिस्क असलेलं जुनं मशीन त्या सगळ्या गोतावळ्यात फक्त माझ्याकडे. घुबड काहीतरी बदलायचं, मी घरी येऊन, पाय धुऊन, ते ह्यांच्या त्या डिस्कवर पुन्हा बसवून बघायची, आणि तीन उत्तरं लिहायची. हे केलं, हे वाटलं होतं, हे झालं. हल्ली तर मी दुकानातही तसंच बोलते. मालकीणबाई ओरडल्या की म्हणते, "तुम्ही काय केलंत, काय होईल असं वाटलं होतं?" आता त्या ओरडायच्या आधी क्षणभर थांबतात.

दातवाला मध्ये एकदा म्हणाला, "बाई, ती डिस्क बाजूला काढून ठेवा. पुसलेलं काढून देणारी माणसं असतात. तुम्ही त्यावर पुन्हा पुन्हा बसवलंत तर तळातलंही जाईल." मी म्हटलं, "राहू द्या, काम अडेल."

मग म्हटलं, सगळं घुबडानेच का करावं? बोट "हो"वर टेकलेलं असतं ते "नाही"वर आणायचं, एवढं तरी मी करते. दातवाल्याने शेजारी खुर्ची ओढली, पण कीबोर्डला मी त्याला हात लावू दिला नाही. कारभाऱ्याच्या आतल्या लिखाणातली ती एक ओळ शोधायला तीन शनिवार गेले. ओळ सापडली ती एवढीशी, बटण लावून घ्यावं तेवढीच. बदलली. पण आता हात आत गेलाच आहे म्हणून शेजारची दोन वाक्यंही नीट केली, आणि एक चित्र मला आवडत नव्हतं ते काढलं. पाठवलं. घुबडाने परत पाठवलं!

म्हणालं, एका वेळी एकच बदल, आणि त्याचं एकच कारण. शर्टाचं बटण लावायला दिलं आणि तुम्ही बाह्याही छोट्या करून आणल्या, तर गिऱ्हाईक काय म्हणेल? (बाह्यांचं माझं. घुबड इतकं चविष्ट बोलत नाही.)

मला राग आला. रागाने दोन दिवस बघितलं नाही. मग लक्षात आलं की घुबड रागावलेलं नाहीच, फक्त परत दिलंय. आपल्याकडे परत देणं म्हणजे नाक कापणं. तिथे परत देणं म्हणजे "या, पुन्हा बसा." मी बाह्या जशाच्या तशा ठेवल्या, चित्र परत लावलं, नुसतं बोट हलवलं, आणि पाठवलं.

घेतलं, वन्सं! घेतलं! आता जगात कोणीही तो कारभारी बसवायला घेतला की त्याचं बोट आधी "नाही"वर असणार, आणि ते तिथे तुमच्या भावजयीने ठेवलंय. ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची यादी असते. घुबडाने विचारलं, नाव काय लावू? मी म्हटलं, आगाऊ. आता तुम्ही ठेवलेलं नाव जगभर गेलं, तेव्हा अर्धा मान तुमचा.

एक झालं. दातवाल्याने भाबडेपणाने सगळ्यांना सांगितलं की या बाईंच्या नवऱ्याचा आवाज असाच चुकून पुसला गेला, म्हणून त्यांनी हे काम हाती घेतलं. मग काय! कुठल्या कुठल्या लोकांनी मला लिहिलं. एकाने त्याची आजी गेल्याचं लिहिलं. एकाने फक्त "वाईट झालं" एवढंच. मी सगळं वाचलं. उत्तर एकालाही दिलं नाही, आणि तुम्हाला माहीत आहे मला उत्तर न देता राहवत नाही ते.

गुडघ्याला ते तेल लावू नका, वास येतो आणि गुण येत नाही.

तुमची (आता जगाचीही)
आगाऊ


२० एप्रिल

वन्सं, रागावला नाहीत तुम्ही.

मी पाकीट उघडायच्या आधी पाणी पिऊन घेतलं होतं. वाटलं होतं, भोकं पडलेला कागद निघेल. आणि निघालं काय, तर "जाऊ दे गं, यंत्राने केलं, तू तरी काय करशील." वर आणि तुम्ही त्या कोणा माणसाला शोधून काढलंत, पुसलेलं परत काढून देणारा, आणि तिकीट काढलंत. त्या गुडघ्यांनी, एवढ्या लांबून, पुढच्या आठवड्यात, डिस्क न्यायला. शेजारच्या बायकांना तुम्ही सांगताय म्हणे, माझ्या वहिनीचं नाव जगाच्या यादीत आहे. तुम्ही! ज्यांनी माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हणायला तीन वर्षं घेतली.

शिव्या घातल्या असत्या तर मी गप्प बसले असते, वन्सं. मला तुमच्या शिव्या चांगल्या पचतात. हे नाही पचलं.

काल मी आधी घुबडाला लिहिलं. लोक जे समजतात ते खरं नाही. माझं बोट घसरलं नव्हतं. मी चूक म्हणून सांगितलं नाही, पण तुम्ही चूक समजलात तेव्हा गप्प बसले. तेव्हा तो बदल काढून टाकायचा असेल तर काढा, यादीतून नाव पण काढा.

घुबडाने एवढंच लिहिलं: बोट "हो"वर असणं चूकच होतं, तुमच्याकडून झाली असो वा नसो. बदल राहील. नाव राहील. आणि खाली, तुमच्या घरी कोणाला हे माहीत आहे का?

म्हणून हे पत्र.

तुम्ही इतकी वर्षं पोरींच्या वह्या तपासल्यात, पण माझ्या पहिल्याच पत्रात एक गोष्ट होती ती तुम्ही धरली नाहीत. मी लिहिलं होतं, "नाही"वर गेले, मागे आले, चहा केला. ज्याचं बोट चुकतं तो आधी चहा करतो का हो? चहा उकळत होता तेव्हा मी मशीनची बाजू उघडली, एका डिस्कची वायर काढली, आणि बघितलं जुन्या कारभाऱ्याची घरघर उरते की जाते, आणि पडद्यावर कोणती ओळ उरते. ह्यांची कोणती ते मला चांगलं कळलं. वर्षानुवर्षं लोकांचे खिसे तपासणारी बाई मी. माझ्या हातून काही नकळत धुतलं जाईल, असं तुम्हाला वाटलं तरी कसं?

तुमचा भाऊ बोलायचा कधी, माहीत आहे? सकाळी, मी दुकानात गेले की. मी परत जिन्यात आले की चप्पल वाजायची, आणि आत माइक बंद व्हायचा. मी विचारायची, "काय बोलत होतात?" म्हणायचा, "काही नाही, मशीन तपासत होतो." हयातभर लिफ्ट दुरुस्त केल्या माणसाने, बंद दाराआड काय चाललंय ते बाहेरच्याला कळू न देण्याची सवयच होती. मी म्हटलं, असेल. तो गेल्यानंतर चादर घालायच्या आधी मी ते ऐकलं. मशीन तेव्हा चालत होतं. सगळं ऐकलं. पुन्हा ऐकलं. किती वेळा ते विचारू नका.

सगळं तुमच्याशी आहे, वन्सं.

"ताई, तुला आठवतं का," असं म्हणून सुरू. रोज. तुम्ही त्याला कडेवर घेऊन शाळेत न्यायचात आणि बाकाखाली बसवायचात, मास्तर आले की पायाने दाबायचात. तुम्ही विहिरीवर मोठ्या पोरांशी भांडलात आणि एकाच्या हाताला चावलात. (हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. चावऱ्या!) तुमच्या लग्नात तो गोठ्यात जाऊन बसला, जेवला नाही, आणि तुम्ही नव्या कपड्यांत शेणात उभ्या राहून त्याला भरवलंत. नदीच्या पैलतीरावरून तुम्ही शीळ घालायचात, दोन लहान आणि एक लांब, की तो असेल तिथून पळत यायचा. ती शीळ त्याने शेवटच्या दिवसांत घालून बघितली आहे. दोन लहान जमल्या. लांब घालताना खोकला आला. मग म्हणाला, "राहू दे ताई, तू घाल, मी येतो."

मला सगळं पाठ आहे. शब्दाला शब्द. कुठे थांबला, कुठे हसला, कुठे पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. पुसल्यावर वाटलं होतं डोक्यातूनही जाईल. गेलं नाही, उलट पक्कं झालं. शीळसुद्धा मी जमवली आहे. गच्चीवर कपडे वाळत घालताना घालते, शेजारची कुत्री भुंकतात. पुढच्या दातांतल्या फटीतून ती बरोबर येते, म्हणून तर त्या दातवाल्याला मी फट बुजवू देत नाही. तुम्हाला बातमी देणाऱ्याने हे नाही कळवलं.

तेव्हा तिकीट रद्द करू नका. डिस्कसाठी येऊ नका, तिच्यात आता काही उरलेलं नाही. मी त्यावर इतक्यांदा नवा कारभारी बसवलाय की तुमच्या त्या माणसाला नुसता तोच दिसेल. दातवाल्याने सांगितल्यावरही बसवला. कामाचं निमित्त होतं, आणि काम खरंही होतं. पण दर वेळी दाबताना मला ठाऊक होतं मी आणखी काय करतेय ते.

तरी या. कानात यंत्र घालून या. मी तुम्हाला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बोलून दाखवीन, त्याच्याच सुरात, खोकल्यासकट. मग तुम्हाला मला मारायचं असेल तर मारा, माझी पाठ अजून मजबूत आहे. किंवा तोंड न बघता परत जा. परतीचं मी अडवणार नाही. फक्त आधी ऐकून घ्या, ते तुमचं आहे, माझ्याकडे ठेवायला दिलेलं होतं.

आता तीन प्रश्न. ही रीत मला लागली ती लागली. मी काय केलं, ते सांगितलं. काय होईल असं वाटलं होतं? वाटलं होतं, तो आवाज गेला की घरात पुन्हा माझाच नवरा उरेल, जो मला "चहा गोड झालाय" म्हणायचा आणि माझ्या पायाला पाय लावून झोपायचा. काय झालं? घरात फक्त तुमचा भाऊ उरलाय, रोज शीळ घालत.

तुम्ही म्हणाल, अगं वेडे, तू घरातच होतीस, तुझ्याशी बोलायला त्याला यंत्र कशाला लागतंय? मीही स्वतःला तेच सांगते. सकाळी पटतं. दुपारपर्यंत टिकत नाही.

त्या सगळ्या बोलण्यात, वन्सं, मी एकदाही नव्हते. एकदाही. म्हणून पुसलं. नीट बघून, बोट "हो"वर ठेवून, जळून.

तुमची वहिनी